लेस्टर जिंकलं त्या वर्षीचा हुसेन

इंग्लंडात लेस्टर नावाचं शहर नेमकं कुठे आहे, हे मला आजही माहीत नाही. नकाशा समोर पसरलात तरी बोट ठेवता येणार नाही. पण दर शनिवारी त्या गावच्या फुटबॉल संघाचं काय झालं हे मी मोबाइलवर बघतो आणि घरचे मला हसतात. हसू देत. मी नाथाजी, विट्याचा गलाईवाला. चौतीस वर्षं सोनं गाळण्यात घालवली. ज्या खेळात बावीस माणसं एका चेंडूमागे दीड तास पळतात आणि पुष्कळदा शून्य-शून्य करून घरी जातात, त्या खेळाशी माझं काही देणंघेणं नव्हतं. ते हुसेनमुळे आलं. आणि हुसेनची गोष्ट सांगायची तर मला माझी चूक सांगावी लागते. इतकी वर्षं टाळलं, आता सांगतो.

विट्याकडची माणसं देशभर गलाईच्या दुकानांतून पसरली आहेत. सराफाकडचं मोडीचं सोनं घ्यायचं, भट्टीत गाळायचं, शुद्ध करून परत द्यायचं. माझं दुकान केरळात, कालिकतला होतं. दुकान कसलं, दहा बाय बाराची खोली. भट्टीवर हुसेन बसायचा. तो माझ्याच वयाचा, विट्यात आमच्याच गल्लीतला. उंच, काटकुळा, धगीनं भुवया कायमच्या जळालेल्या, त्यामुळे त्याला कशाचंच आश्चर्य वाटत नाही असं त्याचा चेहरा बघून वाटायचं. आगीचा रंग बघून सोन्यात तांबं किती हे तो सांगायचा आणि ते चुकायचं नाही. दोन वर्षांत मल्याळम असं शिकला की बाजारातली माणसं त्याला तिथलाच समजायची. आणि कालिकतची हवा लागली तसं फुटबॉलचं वेड लागलं. काम संपलं की समुद्रकाठी अनवाणी गोली म्हणून उभा. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, "सांच्याला मॅच आसती, बायकु काय करनार?"

पण हा हसरा माणूस वीस वर्षं स्वतःच्या घरी गेला नाही. आई वारली तेव्हाही नाही. त्याचं कारण शहाण्णव साली घडलं.

त्या मे महिन्यात दुकानात आम्ही तिघं होतो. मी, हुसेन आणि त्याचा धाकटा भाऊ अफताब. अफताब बावीस वर्षांचा, नुकतंच लग्न झालेलं, बायकोला, जीनतला, विट्यात ठेवून काम शिकायला आलेला. एका दुपारी एका सराफाचं दोन तोळे सोनं मुशीत घातलं होतं. मूस म्हणजे सोनं वितळवायचं मातीचं भांडं, पेल्याएवढं. आजूबाजूला आणखी चार-पाच मुशी निवत होत्या. सराफ मधेच शटरबाहेरून मला बोलवायला आला, मी बाहेर गेलो, आत आलो, आवराआवर केली. संध्याकाळी सोनं द्यायची वेळ आली आणि सोनं नाही.

आम्ही शोधलं, आणि गलाईवाले शोधतात तसं शोधलं. आमच्या धंद्यात काहीच फेकत नाहीत. केर जाळतात, हात धुतलेलं पाणी गाळतात, वर्षाकाठी कामाचे कपडे जाळून त्यांची राख धुतात, आणि राखेतून सोनं निघतंही. तसं सगळं केलं. चटया जाळल्या. अफताबचं अंथरूण जाळलं, अंगावरचा सदरा-पँट उतरवून जाळली, आणि तो उसन्या लुंगीवर बाजारासमोर उभा राहिला. राखेत नेहमीचे चार कण निघाले. दोन तोळ्यांची लगड निघाली नाही.

त्या दुपारी शटर अर्धं खाली होतं. बाहेरचं कोणी आत आलं नव्हतं. तेव्हा मी ते वाक्य बोललो. मी म्हणालो, "मी न्हाई. तू न्हाई. मग राहिलं कोण?"

हुसेननं माझ्याकडे बघितलं, मग भावाकडे. अफताब म्हणाला, "मैं नै लिया, भाई." घरात ते तशीच दखनी बोलायचे. हुसेननं त्याच्या कानफटात दिली. सगळ्या बाजारासमोर 'चोर' म्हणाला आणि त्याच दिवशी त्याला गाडीत बसवून दिलं. सराफाचं सोनं मी माझ्या पदरचं भरून दिलं आणि स्वतःला मोठा दिलदार समजलो. दुसऱ्या दिवशी आधीच ठरलेला गवंडी आला आणि भट्टीचा नवा ओटा बांधून गेला. त्या ओट्यावर हुसेन पुढची वीस वर्षं बसला.

तिकडे अफताबला विट्यात कुठल्याही गलाईवाल्यानं दारात उभं केलं नाही. आमचा धंदा विश्वासावर चालतो, त्यात एकदा नाव गेलं की गेलं. तो यंत्रमागावर लागला. हुसेननं शपथ घेतली होती की चोर ज्या घरात जेवतो त्या घराचा उंबरा ओलांडणार नाही. भावाचं नावही तो तोंडातून काढायचा नाही. मला त्याचं वाईट वाटायचं, पण अफताब चोर आहे याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नव्हती. राहिलं कोण?

आता फुटबॉल.

इंग्लंडातल्या सगळ्यात वरच्या स्पर्धेला प्रीमियर लीग म्हणतात. वीस संघ, प्रत्येकजण प्रत्येकाशी दोनदा खेळतो, ऑगस्टपासून मेपर्यंत. ज्याचे गुण जास्त तो जिंकला. शेवटचे तीन खालच्या वर्गात. एवढं मला हुसेननं शंभरदा समजावलं तेव्हा कळलं. कालिकतला त्या स्पर्धेचं वेड इतकं की चौकाचौकांत झेंडे लागायचे. पंधरा सालच्या ऑगस्टमध्ये आमच्या बाजारातल्या वीस जणांनी ठरवलं की वीस चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याला जो संघ निघेल तो वर्षभर त्याचा. ज्याचा संघ पहिला येईल त्याला बाकीच्यांनी बिर्याणी खिलवायची. एकोणीस माणसं हौशी होती. विसावं डोकं कमी पडत होतं म्हणून मला धरून नेलं.

हुसेनला चेल्सी निघालं. आधल्या वर्षीचे विजेते. तो चहाच्या टपरीवर नाचला. शेवटची चिठ्ठी माझी. उघडली तर लेस्टर.

लोक इतके हसले की टपरीवाल्याच्या हातातला चहा सांडला. मला कळेना. मग हुसेननं सांगितलं की हे गेल्या वर्षी खालच्या वर्गात जाता जाता वाचलेलं पोरकं लेकरू आहे. तिकडचे सट्टेवाले म्हणे लेस्टरवर एकाला पाच हजार द्यायला तयार होते, कारण द्यावे लागणारच नाहीत याची त्यांना खात्री होती. मला हसलेलं आवडत नाही. लहानपणापासून नाही. डोक्यात तिडीक गेली आणि मी म्हणालो, "हसू नगासा. ह्येच जिंकंल."

हुसेन पोट धरून हसत होता. हसता हसता म्हणाला, "आरं गड्या, लेस्टर जिंकलं तर मी इट्याला जाईन आन अफताबच्या गळ्यात पडीन. अम्मीची शपथ!"

म्हणजे होणारच नाही अशा गोष्टीपुढे त्यानं होणारच नाही अशी दुसरी गोष्ट ठेवली. पण नाव तोंडातून निघून गेलं होतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. आणि शपथ त्या आईची, जिच्या मयतीला तो गेला नव्हता. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याचा स्वतःचाही चेहरा असा झाला की जणू दुसरंच कोणी बोललं. त्यानं चहाचे पैसे दिले आणि दुकानात जाऊन भट्टी पेटवली. त्या दिवशी गाळायला काही नव्हतं.

नंतर जे झालं ते माझ्या बापजन्मात मी बघितलेलं नाही. लेस्टर जिंकायला लागलं. आधी बाजार म्हणाला, चार दिवसांचं कौतुक. मग म्हणाला, थंडी पडू दे. नाताळला लेस्टर पहिलं होतं. इकडे हुसेनचं चेल्सी असं घसरलं की त्यांच्या प्रशिक्षकाची नोकरी गेली आणि हुसेननं पेपर वाचणं सोडलं. मी वाचायला लागलो. मला खेळ कळत नव्हता, पण तक्ता कळत होता. रोज सकाळी बोटानं वरून पहिली ओळ बघायची आणि ओट्यावर बसलेल्या हुसेनला मोठ्यानं वाचून दाखवायची. खरं सांगतो, मला त्यात मजा येत होती. लोक मला हसले होते ना!

"टिकनार न्हाई," तो म्हणायचा. रोज तेच. फेब्रुवारीत आर्सेनलनं लेस्टरला अगदी शेवटच्या क्षणी हरवलं. दुसऱ्या दिवशी हुसेननं बाजारात हलवा वाटला. मला म्हणाला, "झालं तुझं लेस्टर." पण दुपारी डबा उघडला तर त्याला घास जाईना. मी विचारलं, पोट बिघडलंय का? तो म्हणाला, "व्हय." मी त्याच्यासोबत तीस वर्षं जेवलो होतो. पोट बिघडलेला हुसेन मला ओळखू येतो. हे ते नव्हतं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या माणसाला गावी जायचंय आणि त्याला स्वतःहून जाता येत नाही. त्या दिवसापासून माझी मजा संपली आणि मी मनापासून देवाला म्हणायला लागलो की लेस्टरला जिंकव.

वसंतात लेस्टरनं ओळीनं चार सामने एक-शून्य असे जिंकले. कसेबसे, दात-ओठ खाऊन. आता मागे फक्त टॉटनम उरलं होतं. मे महिन्याच्या दोन तारखेला टॉटनमचा सामना होता आणि तो टॉटनम जिंकलं नाही तर लेस्टर विजेतं. सामना कुणाशी? चेल्सीशी. हुसेनच्या चेल्सीशी.

आपल्याकडे तो सामना मध्यरात्रीनंतरचा. मी झोपलो. सकाळी टपरीपाशी आलो तर पंधरा-वीस माणसं माझ्यावर तुटून पडली. कोणी गळ्यात मोगऱ्याचा हार घातला, कोणी लेस्टरच्या रंगाचा निळा टॉवेल खांद्यावर टाकला. टॉटनम दोन-शून्यनं पुढे होतं आणि चेल्सीनं दोन-दोन करून टाकलं. लेस्टर त्या दिवशी खेळलंही नव्हतं. घरी बसल्या बसल्या जिंकलं. मी तिथल्या बाकावर बसलो आणि मला रडू फुटलं, फुटबॉलचं ओ की ठो न कळणाऱ्या माणसाला.

हुसेन ओट्यावर बसला होता. भट्टी थंड. मी दारात आलो तर त्यानं वर बघितलं. "माज्याच चेल्सीनं केलं," तो म्हणाला. चिमटा उचलून भिंतीला लावला. मग म्हणाला, "तिकीट काढ. दोन काढ. मला एकट्याला जमायचं न्हाई."

मिरजेपर्यंत रेल्वे, पुढे एसटी. सबंध प्रवासात तो खिडकीला डोकं लावून बसला होता. मला वाटलं झोपलाय. विट्यात त्यांच्या गल्लीत शिरलो तर यंत्रमागांची खडखड तीच होती. जीनतनं दार उघडलं. तिनं हुसेनला लग्नानंतर चार दिवसच बघितलं होतं, पण ओळखलं. डोक्यावर पदर घेतला आणि शेजारच्या पोरीला मागावरून अफताबला बोलवायला पाठवलं.

अफताब आला तो केसांत सुताचे कण घेऊन. बेचाळीस वर्षांचा माणूस, खोकणारा, साठीचा वाटत होता. दोघं भाऊ अंगणात समोरासमोर उभे. हुसेन कोर्टात उभा राहावा तसा ताठ. म्हणाला, "शपथ हुती, म्हनून आलो."

"कसली शपथ?"

"फुटबॉलची."

अफताबला काही समजेना. तो माझ्याकडे बघायला लागला. हुसेन पुढे झाला आणि सरळ त्याच्या गळ्यात पडला. अफताबचे हात आधी तसेच लोंबत राहिले, मग वर आले. त्यानं भावाच्या कानात काहीतरी सांगितलं. मी उंबऱ्याबाहेर होतो, मला ऐकू आलं नाही. मिठी सुटायची वेळ झाली तरी हुसेननं सोडली नाही.

तो कालिकतला परत आलाच नाही. आठवड्यानं फोन आला, "माजं सामान कुनाकडं तरी धाड." त्याच साली बकरी ईदनंतर आठ दिवसांनी अफताब गेला. मागावरच छातीत कळ आली. मी जाऊन आलो. हुसेन जनाज्याला खांदा देत होता आणि मला मनातून बरं वाटलं की निदान भावानं भावाला माफ तरी केलं. चोराला का होईना, माफ केलं. असं मी समजत होतो.

अठरा साली मी दुकान आवरलं. गुडघे कुरकुरत होते, मुलांना धंद्यात रस नव्हता. गलाईचं दुकान आवरायचं म्हणजे भिंती खरवडायच्या, फरशी उचलायची, भट्टीचा ओटा फोडायचा, सगळं कुटून धुवायचं. शेवटचा कण वसूल करून जायचं. ओटा फोडला तर आत भर म्हणून घातलेल्या जुन्या फुटक्या मुशी निघाल्या. आमच्याकडे कोपऱ्यात कायम वेताच्या दोन पाट्या असायच्या. एकीत कुटून धुवायच्या राहिलेल्या मुशी, दुसरीत धुऊन झालेली खापरं, ज्यात काही उरलेलं नाही. शहाण्णव साली गवंड्यानं भर मागितली तेव्हा मी धुतलेली पाटी दिली होती. त्यात सोनं असायचं कारणच नव्हतं. पण सवयीनं मी ती खापरं उलटीपालटी केली आणि त्यांत एक मूस आख्खी निघाली. तळाशी काळी काच साचलेली. सोनं गाळताना घातलेली सवागी, म्हणजे टाकणखार, निवली की अशी काच होते. हातोडीनं टोला दिला. काच उडाली आणि खाली सोनं.

मी खाली बसलो. काट्यावर ठेवलं. दोन तोळ्याला गुंजभर कमी.

त्या दुपारचं सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. सराफ बोलवायला आला, ओतायचं राहिलं आणि सोनं मुशीतच निवलं, वरच्या काळ्या थराखाली दिसेना. मी आत आलो, आवराआवर केली, ती मूस रिकामी समजून उचलली आणि घाईत चुकीच्या पाटीत टाकली. धुतलेल्या. आम्ही चटया जाळल्या, कपडे जाळले, केर धुतला. धुतलेली पाटी कोणी बघितली नाही, कारण धुतलेलं पुन्हा कोण धुतो? आणि दुसऱ्या दिवशी मीच ती गवंड्याच्या हातात दिली. वीस वर्षं हुसेन त्या सोन्यावर बसून होता. तीन फूट खाली त्याच्या भावाची अब्रू पुरलेली होती आणि मी समोर बसून त्याला गुणतक्ता वाचून दाखवत होतो.

मी विट्याला परत आलो, पण चार महिने ती लगड कपाटात ठेवली. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. अफताब चोर म्हणून माफ होऊन गेला. आता तो चोर नव्हताच हे हुसेनला सांगायचं कुणी आणि त्याचा उपयोग काय? शेवटी बायको म्हणाली, "सांगून या, न्हाईतर जेवत जाऊ नगासा." गेलो.

हुसेननं तोवर विट्यात स्टँडजवळ केळ्याच्या वेफर्सचं दुकान टाकलं होतं. कालिकतसारखे, खोबरेल तेलातले. जीनत आणि अफताबची धाकटी अर्शिया पाकिटं भरायच्या. मी पाकिटांच्या ढिगावर लगड ठेवली आणि सगळं सांगितलं. पाटीचं, गवंड्याचं, सगळं.

जीनत म्हणाली, "वीस वर्सं कुनी दारात उबं केलं न्हाई त्येंना, भाऊ. सूत गिळून गिळून गेले." आणि आत निघून गेली. हुसेननं कढईखालचा गॅस बंद केला.

"मला ठावं हुतं," तो म्हणाला.

"काय?"

"त्यानं न्हाई घेतलं त्ये. गळ्यात पडलो तवा कानात म्हनला, मैं नै लिया, भाई. शहान्नवलाबी हेच म्हनला हुता, तवा मी कानफटात दिली. ह्या बारीला मी मानलं. पुढं चार म्हैनं आमी दोगं रोज एका ताटात जेवलो."

"कशावरनं मानलंस?"

"लेस्टरवरनं." तो हसला नाही. "आरं, वरीसभर समदी शानी मान्सं काय करत हुती? चेल्सी न्हाई. मँचेस्टर न्हाई. आर्सेनल न्हाई. मग राहिलं कोण? आन जिंकलं कोण? जे कुनी मोजलंच न्हवतं त्ये. मिरजंपातूर रेल्वेत ह्योच इचार करत हुतो. आपन तिगंच मोजलं, नाथाजी. आपल्याला दिसलं न्हाई आसं चौथं कायतरी आसंल, हे मनात आलंच न्हाई. लेस्टर जिंकतंय, तर माजा भाऊ खरं बोलतोय हे मानायला मला काय जड हुतं?"

मी तिथेच स्टूलवर बसलो आणि रडलो. अफताब चोर म्हणून गेला नव्हता. भावानं त्याला माफ केलं नव्हतं, त्याच्यावर विश्वास ठेवला होता, पुराव्याशिवाय. तिथं मी उठायला हवं होतं. पण माणूस हावरा असतो. मी म्हणालो, "आन मला? माजी चूक हुती, पर मी जानून न्हाई केलं रं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी 'राहिलं कोण?' म्हणालो होतो तेव्हा जसं बघितलं होतं तसं. मग म्हणाला, "लेस्टर एकदाच जिंकलं, नाथाजी. सोनं घिऊन जा."

मी घेऊन आलो. त्यानंतर जवळजवळ सात वर्षं तो माझ्याशी बोलला नाही. एकाच गावात. समोरून आलो तर गल्ली बदलायचा नाही, फक्त बघायचा नाही. मला त्याचा राग आला नाही. माझा राग मलाच पुरत होता. आणि मी लेस्टरचे निकाल बघायला लागलो. वेडेपणा आहे, मला कळतं. पण वाटायचं, ते पुन्हा जिंकलं तर? एकदा ते खालच्या वर्गात गेलं, वर्षात परत वर आलं, मी नातवंडांना पेढे वाटले. मग गेल्या वर्षी जी घसरण लागली ती थांबेना. महिनोन्‌महिने स्वतःच्या मैदानावर एक गोल नाही. पंचवीस सालच्या एप्रिलमध्ये एका रविवारी नक्की झालं की गेलं खाली. मी मोबाइल उशीखाली सारला.

सोमवारी सकाळी दाढी करत होतो. फोन वाजला. नाव बघितलं आणि साबणाच्या हातानंच फोन कानाला लावला.

"बगितलंस का?"

"बगितलं."

"गेलं खाली."

"गेलं."

पलीकडे कढईचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "आता ह्ये जिंकायची वाट बगत बसलो तर आपन दोगंबी जाऊ. अर्शियाचं लगीन ठरलंय. ती लगड हाय न्हवं?"

"हाय."

"तिच्या कानातलं करू. भट्टी पेटीव. मी येतो."

परसात माझी लहान भट्टी आहे, शेजारी त्याच दोन पाट्या, तिला हात लावून वर्षं झाली होती. हुसेन आला, भट्टीसमोर बसला. हात विसरले नव्हते. मी लगड मुशीत सोडली, त्यानं आग धरली, दोन तोळे पाणी झाले. मी साच्यात ओतायला लागलो. त्यानं बाजूनं माझं मनगट धरलं आणि ओतणं पुरं होईपर्यंत सोडलं नाही.

मग त्यानं मूस चिमट्यात घेतली, पालथी केली, ठोकली, आणि उजेडाकडे तोंड करून आत बघितलं. मला दाखवली. रिकामी होती. तरी तो उठला आणि न धुतलेल्या मुशींच्या पाटीत स्वतःच्या हातानं ठेवून आला.